ज्या रडण्याला पदक मिळालं

"कुठं चाललीस आत? मासळीची पाटी घेऊन येतात का इथं?"

रत्नागिरीच्या त्या सभागृहाच्या दारात एका उपरणेवाल्या गृहस्थाने मला अडवलं. पाटी नव्हती माझ्याकडं. धुतलेलं लुगडं नेसून मांडवीहून चालत गेले होते. तरी त्याने उपरणं नाकाला लावलं. मी दाराबाहेर खांबाला टेकून उभी राहिले.

आत एका साहेबाचा सत्कार चालला होता. गावचाच मुलगा, मुंबईत बोलपटांचा आवाज धरणारा. त्याच्या एका बोलपटाला उत्तम आवाजाचं पदक मिळालं होतं.

त्या पदकात माझं रडणं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी माझा घोव पूर्णगडाकडं जाळी टाकायला गेला. वादळ झालं. तिसऱ्या दिवशी होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. दिराने ती ओळखली. मी वाळूत बसले आणि ओरडले. किती वेळ, ठाऊक नाही. त्याच दिवशी हा साहेब लाटांचा आवाज घ्यायला यंत्राची गाडी घेऊन आला होता. मला कोण दिसत होतं तेव्हा? सासू मागाहून म्हणाली, "येक मानूस काठीला डबा बांधून तुज्याजवळ उबा होता गो. मला वाटला, पोलिसाचा."

पुढं तो बोलपट तंबूत लागला. जावेने ओढून नेलं, सासूही आली. पडद्यावर राणीचा मुलगा मेला. पावडर लावलेल्या राणीने तोंड उघडलं, आणि आवाज माझा. ओरडता ओरडता मला खोकला आला होता, तो खोकलासुद्धा. तेव्हा राणीचे ओठ मिटलेले होते. शेजारच्या बायका पडदा सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. सासू तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मागून कुणी म्हणालं, "काय सुरेख रडलीय."

सभागृहात साहेब बोलायला उभा राहिला. "त्या एका आक्रोशासाठी मी फार मेहनत घेतली." टाळ्या. माझे पाय आपोआप आत गेले.

"तो आवाज माजा हाय."

काही जण हसले. साहेबाने बघितलं. ओळखलं. त्याची मान जराशी खाली गेली. मग म्हणाला, "बाई, रडतात सगळेच. ते टिपायला विद्या लागते."

उपरणेवाल्याने मला छत्रीच्या टोकाने बाहेर ढकललं. हात लावला नाही.

महिन्याभराने साहेब आमच्या दारापुढच्या खळ्यात उभा. नवा बोलपट होता. तसंच रडणं हवं होतं, या वेळी स्टुडिओत. "नावांच्या यादीत तुझंही नाव घालीन," म्हणाला.

मी कोलंबी सोलत होते. हात थांबवले नाहीत.

"माजा घोव येकदाच मेला, साहेब."

तो गेला. पण त्यानंतर मला रडताच येईना. हुंदका आला की वाटायचं, कुणीतरी ऐकतंय. घोवाच्या श्राद्धाचा दिवस कोरडा गेला. एवढं त्या साहेबाने माझं नेलं.

पुढच्या वर्षी शेजारणीच्या मुलाची होडी परत आली नाही. ती वाळूत कोसळली. वर रस्त्यावर बाहेरची माणसं थांबून बघत होती. मी बायांना हाका मारल्या. पाठी लोकांकडं करून आम्ही तिच्याभोवती कडं धरलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "रड बाय. इथं आपल्याशिवाय कोणाला ऐकू देणार नाय मी."

आजवर ऐकू दिलेलं नाही. देणार नाही.