कडीबाईंची पंचवीस मिनिटं

मेंदूचं ऑपरेशन ऐन भरात असताना तपासणीच्या खोलीतल्या बाई आतून कडी लावून चक्क डुलकी काढतात, अशी कुजबुज रुग्णालयभर होती. म्हणून त्यांचं नावच पडलं कडीबाई. कँटीनवाल्यानं तर घोरणंही ऐकलं होतं. ते यंत्राच्या पंख्याचं होतं, पण एवढ्या रंगलेल्या गप्पांचा विचका कोण करणार?

त्या दिवशी टेबलावर एक शाळामास्तर होते. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून. मोठ्या डॉक्टरांनी तिचा तांदळाएवढा तुकडा बाईंकडे धाडला आणि हात थांबवले. गाठीच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला, तर ती औषधांनी विरघळणारी. मग आणखी कापायचं कारणच नाही. नाही सापडला, तर कापणं आलं, आणि मास्तरांची वाचा राहील याची हमी कुणीच देईना.

बाईंनी कडी लावली. शेजारी नेहमीप्रमाणे नुसत्या पाण्याची एक नळी ठेवली. बदल असला की यंत्राच्या पडद्यावर रेघ चढते; पाण्यात बदल कुठला, म्हणून तिची रेघ आडवी राहिली तरच निकाल खरा. यंत्राला लागतात पंचवीस मिनिटं. पहिला फोन तिसऱ्या मिनिटाला. मग सातव्या. मग थिएटरच्या सिस्टर जातीनं येऊन दार बडवू लागल्या. बाईंचं डोकं ठणकायला लागलं. घरी नवरा चहा उकळला का म्हणून दर मिनिटाला झाकण उचलतो, त्यातलीच गत. फरक इतकाच, की नवऱ्याला खडसावता येतं.

सोळाव्या मिनिटाला खुद्द मोठे डॉक्टर फोनवर.

"रेघ चढतेय ना, बाई? मग सांगून टाका की."

"चढतेय. पण पाण्याचीही चढली तर?"

"आजवर कधी चढलीय?"

"एकदा. तेव्हाही घाई तुम्हालाच होती, डॉक्टर."

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यानंतर तो वाजला नाही.

पंचवीस मिनिटं भरली. पाण्याची रेघ आडवी, तुकड्याची चढलेली. आता फोन बाईंनी लावला: "बदल सापडला. कापू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तर पहिलं वाक्य बोलले ते सिस्टरांना, जरा हळू बोला म्हणून. बाईंना हे कळलं तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

बाई झोपत नसत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निकालासाठी पिटाळलेला माणूस दार ढकलून आत घुसला, त्याच्या धक्क्यानं जुन्या तपासणीची नळी सांडली, तिचा थेंब पाण्याच्या नळीत उडाला आणि पाण्याचीही रेघ चढली. तपासणी पुन्हा करावी लागली. डोकं उघडं असलेला रोगी अर्धा तास जास्त टेबलावर पडून राहिला. त्या दिवसापासून त्या कडी लावतात.