फुगा कुठला, बॉम्ब कुठला

ठिपकेबाई हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि बाईंचीही त्याला हरकत नव्हती. क्षेपणास्त्रांच्या चाचणी केंद्रात, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, त्या एकवीस वर्षं पडद्यावरचे ठिपके वाचत आल्या होत्या. शत्रूने डागलेलं क्षेपणास्त्र वाटेतच, हवेच्याही वर, अवकाशात गाठून फोडेल असं यंत्र त्या केंद्रात घडत होतं. यंत्राच्या नाकाशी एक डोळा बसवलेला असे. त्याला फक्त ऊब दिसायची. समोरून येणारा बॉम्ब त्याच्या लेखी काळ्या पडद्यावरचा एक पांढरा ठिपका, बस्स. चाचणी आटोपली की त्या डोळ्याने पाहिलेलं सगळं बाईंच्या टेबलावर यायचं. मग कुठला ठिपका किती उजळला, कुठला मंदावला, कुठला गिरक्या घेत होता, याचा माग त्या काढत बसायच्या.

स्वभावाने बाई सरळ, पण तिरसट. दशांशचिन्ह एक घर जरी सरकलेलं दिसलं तरी कपाळावर आठी चढायची. नवरा विजेची कामं करणारा, शांत माणूस. “बाहेरची शॉर्टसर्किटं दुरुस्त होतात हो,” तो पाहुण्यांना सांगायचा, “घरातलं एक आहे, ते मी नुसतं सांभाळतो.”

चार वर्षांपूर्वीच्या चाचणीत पडद्यावर सात ठिपके आले होते. एक खरा, म्हणजे बॉम्बच्या जागी ठेवलेला सांगाडा. बाकीचे सहा चकचकीत कागदाचे फुगे. शत्रू मूर्ख नसतो, तो बॉम्बबरोबर असले फुगे सोडणारच, म्हणून ते मुद्दाम ठेवले होते. यंत्राने क्षणभरही न अडखळता एका फुग्याच्या आरपार उडी घेतली आणि खरा सांगाडा ऐटीत पुढे निघून गेला. बाईंनी अहवालात तसं लिहिलं. कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अशी अडचण सोडवायला अक्कल लागते आणि वर्षं लागतात. अडचणच काढून टाकायची तर मात्र नुसती सही पुरते. पुढच्या चाचणीत ती सही झाली. सहा फुग्यांच्या जागी एकच फुगा आला, तोही खऱ्या सांगाड्यापेक्षा कितीतरी उजळ. ‘सर्वांत उजळ ठिपका सोडून दे,’ असं यंत्राला आधीच पढवून ठेवलं होतं. शिवाय सांगाड्यात एक छोटं यंत्र बसवलं होतं, ते आपण कुठे आहोत हे जमिनीवरच्यांना सतत कळवत होतं, आणि तिथून ते फोडणाऱ्या यंत्राला कळत होतं.

टक्कर झाली. सभागृहात लोकांनी खुर्च्यांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, अगदी मनापासून. सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने एकमेकांवर येणाऱ्या दोन वस्तूंची गाठ घालून देणं हे खायचं काम नव्हतं, आणि ज्यांनी ती घालून दिली ते त्यांचेच सहकारी होते. मग त्या खाली आल्या, दार लावून घेतलं आणि अहवाल लिहायला बसल्या. शेवटी एक परिच्छेद लिहिला : बॉम्ब कुठला हे यंत्राला आधीच सांगितलेलं होतं; त्यामुळे खऱ्या हल्ल्यात ते काय करेल, याबद्दल या चाचणीवरून काहीच म्हणता येत नाही.

दोन दिवसांनी अहवाल परत आला. परिच्छेद गायब. बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब त्यांच्या विभागाचे प्रमुख. बाईंना मान देणारे, पण वरच्यांपुढे मान तुकवणारे.

“माझा परिच्छेद कुणी कापला?”

“बाई, बसा आधी. अहो, पायरीपायरीने जायचं असतं. आधी सोपी चाचणी, मग अवघड.”

“मग तसं लिहा ना! सोपी चाचणी होती असं लिहा!”

“ते मंत्रालयात कळतं सगळ्यांना.”

“मंत्रालयात कळतं. बाहेर?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. बाहेर काय कळलं, ते दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होतं : ढाल सज्ज, आता आकाश सुरक्षित.

बाई धुमसत राहिल्या, पण गप्प राहिल्या. नोकरी गुप्ततेची, सही करून दिलेली. कदाचित गप्पच राहिल्या असत्या. पण महिन्याभराने, रविवारी सकाळी, त्यांची नणंद घरी आली. ती प्रसूती रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. तिने पिशवीतून एक पत्र काढून टेबलावर आपटलं.

“वहिनी, वाचा हे.”

रुग्णालयाच्या खाली तळघरात हल्ल्याच्या वेळी आसरा घ्यायची जागा होती. चाळीस खाटा, पाण्याची टाकी, जनरेटर, जाड दारं. विश्वस्तांनी कळवलं होतं की अलीकडच्या यशस्वी चाचणीमुळे या जागेची गरज उरलेली नाही. तिथे आता मोटारी लावण्याची सोय करण्यात येईल.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. कान लाल झाले.

“मोटारी?” त्या म्हणाल्या. “बाळंतिणींच्या जागेत मोटारी?”

“मला एवढंच सांगा,” नणंद म्हणाली, “ती ढाल खरंच आहे ना?”

नवरा पत्नीच्या तोंडाकडे बघत होता. बाईंनी पत्राची घडी घातली. मग विचारलं, “वन्सं, विश्वस्तांची बैठक कधी आहे?”

बैठक बुधवारी दुपारी होती. विश्वस्त सात. अध्यक्ष म्हणजे शहरातल्या सर्वांत मोठ्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. नणंदेने शब्द टाकून बाईंना दहा मिनिटं मिळवून दिली. केंद्रातलं काहीही बोलायचं नाही, शाळेच्या पुस्तकात आहे तेवढंच सांगायचं, असं ठरवून बाई गेल्या. बरोबर दोन लाल फुगे फुगवून नेले. एकात खडा घातला होता.

“यातला खडा कशात आहे ते ओळखा,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर चढून दोन्ही फुगे एकदम सोडले.

खड्याचा फुगा टप्कन खाली बसला. दुसरा तरंगत तरंगत अध्यक्षांच्या चहाच्या कपावर उतरला. सगळे हसले.

“अहो, हे तर आंधळाही सांगेल!” अध्यक्ष म्हणाले. “मग अडचण काय आहे?”

“अध्यक्षसाहेब, इथे हवा आहे!” बाई खुर्चीवरूनच ओरडल्या. “वर हवा नाही. हलक्याला मागे ओढणारं कुणी नाही. बॉम्ब आणि फुगा एकाच वेगाने, खांद्याला खांदा लावून येतात. बॉम्बलाही फुग्यात घालता येतं. फुगे गरम ठेवता येतात. लांबून सगळे सारखे दिसतात. खाली हवेत शिरल्यावर ते वेगळे होतात, पण तेव्हा तुमच्या हातात एक मिनिटसुद्धा नसतं!”

“पण परवा तर पाडलं ना?” एका डॉक्टरांनी विचारलं. “ते खोटं होतं का?”

“पाडलं ते खरं आहे. कसं पाडलं ते सांगितलं नाही.” आणि मग जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघूनच गेलं. “अहो, ते बिचारं स्वतःच ओरडत होतं, मी इथे आहे, मी इथे आहे म्हणून! शत्रूचा बॉम्ब ओरडत येणार आहे का?”

बाई खुर्चीवरून उतरल्या. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं. पण पश्चात्ताप होत नव्हता, उलट अजून बोलावंसं वाटत होतं.

तळघर वाचलं. चार विरुद्ध तीन मतांनी. बाई मात्र वाचल्या नाहीत. बैठकीतलं बोलणं केंद्रापर्यंत पोचलं आणि पंधरा दिवसांत चौकशी लागली.

“आपण गोपनीय माहिती बाहेर सांगितलीत,” चौकशी अधिकारी म्हणाला.

“मी सांगितलं ते खरं होतं की खोटं?”

“तो प्रश्नच नाही, बाई.”

“एकवीस वर्षं मला त्याशिवाय दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता,” बाई म्हणाल्या.

नोकरी गेली नाही, कारण नोकरी गेली असती तर बातमी झाली असती. त्यांना मागच्या इमारतीतल्या भांडारात टाकलं. तिथे त्या तापमापक तपासायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. जेवणाच्या सुटीत जुने सहकारी नजर चुकवून जायचे. घरी नवरा एकदाच म्हणाला, “अगं, थोडं सबुरीने घेतलं असतंस तर?” आणि बायकोचा चेहरा बघून लगेच, “नाही, बरोबर केलंस,” असंही म्हणाला.

दीड वर्षाने एका दुपारी साहेब स्वतः भांडारात आले. हातात एक छापील कागद. काळ्यावर पाच पांढरे ठिपके.

“या वेळी फुगे ठेवले होते,” ते हळू आवाजात म्हणाले. “यंत्र चुकलं. नव्या माणसांना काही सुधरत नाहीये. तुम्ही बघा जरा. यातला खरा कुठला?”

बाईंनी कागद दिव्याखाली धरला. मग मागचे-पुढचे आकडे मागवले. तासभर बसल्या. पेन्सिलने काही खुणा केल्या, पुसल्या.

“मला सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्हालाही?”

“मला आलं असतं तर मी त्या यंत्राला शिकवलं नसतं का?” बाईंचा आवाज चढला. “मी काय ते चुकावं म्हणून बसले होते? अवघड आहे म्हणून लिहिलं, तर तुम्ही ते कापलं. दीड वर्ष, साहेब! दीड वर्ष असल्याच ठिपक्यांवर काम झालं असतं. आणि लोक निश्चिंत झोपले.”

साहेबांनी कागदाची घडी केली. “खरं आहे,” एवढंच म्हणाले आणि गेले. त्या चाचणीची बातमी कुठे आली नाही.

त्यानंतर बाई दर शनिवारी सकाळी प्रसूती रुग्णालयात जाऊ लागल्या. भोंगा वाजल्यापासून हाताशी सात मिनिटं असतात, हा हिशेब सरकारी पत्रकात छापलेलाच होता. तेवढ्यात सगळ्यांना तळघरात न्यायचं, म्हणून नणंदेने सराव सुरू केला होता. बाई जिन्याच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या. पहिल्यांदा बारा मिनिटं लागली. मग दहा. मग नऊ.

“सुधारतंय की, वहिनी,” धापा टाकत नणंद म्हणाली.

“वन्सं, नऊ म्हणजे दोन मिनिटं बाहेर,” बाई म्हणाल्या. “लिफ्टमध्ये एका वेळी एकच खाट मावते, तिथेच सगळं अडतंय. बाजूने उतार बांधायला हवा.”

उतारासाठी त्यांनी विश्वस्तांना अर्ज केला. उत्तर आलं, की सध्या तशी निकड दिसत नाही. बाईंनी ते उत्तर भांडारातल्या फळ्यावर टाचणीने लावलं आणि त्याच दुपारी दुसरा अर्ज लिहायला घेतला. या वेळी कागदावर इतका जोर पडला की दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं.