मागच्या दाराचा अडसर

सुदामदादा घरी कधी कळवून आला नाही. सुट्टी मिळाली की शहापूरला उतरायचा, सापगावच्या मित्राकडे वेळ काढायचा आणि घरातली सगळी शेतावर गेली की शेणव्याला पोचायचा. परसातून येऊन खांद्याने मागचं दार उखडायचा आणि वहिनी परत येईपर्यंत चुलीपुढे ऐटीत बसून राहायचा. यंदा मात्र तो कळवून आला. आधी फोन आला, मग गाडी आली, आणि चार जणांनी त्याला शवपेटीतून, भर दुपारी, पुढच्या दाराने आत आणलं. मान आणि डोकं पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेलं, एक डोळा सुजून बंद झालेला. सोबतचा अधिकारी म्हणाला, सरावात अपघात झाला. कुठे, कसा, असं विचारलं तर म्हणे ते सांगता येत नाही. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी मला ओढून बाजूला नेलं.

आमच्या घरात राग पिढीजात आहे, पण दादाचा राग कामाचा होता. आमच्या भागात कबड्डी हा खेळ कमी आणि मारामारी जास्त. मुरबाडच्या एका सामन्यात पाच जण त्याच्या अंगावर पडले, खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. तरी हा लोंबकळता हात घेऊन मधल्या रेषेकडे सरपटत होता आणि तोंडाने कबड्डी, कबड्डी चालूच. दम सोडायचा नाही, हा त्याचा एकच धर्म. मलाही त्याने कमी झोडपलेलं नाही. तानसाच्या जंगलातून बिबटे उतरायचे, आणि एकदा गोठ्याचं फाटक मी नुसतंच लोटून ठेवलं. वासराचं रक्त अंगणभर ओढत गेलेलं होतं. दादाने मला दोरीने फोडून काढलं आणि मग स्वतःच हळद लावत बसला. म्हणाला, "फाटक लावलं असं नाय बोलायचं. ढकलून बघायचं, मग बोलायचं."

पुढे तो एका सुरक्षा दलात लागला आणि काही वर्षांनी त्याला असं काम मिळालं की हसावं की रडावं कळेना. अणुबॉम्बचं सामान जिथे ठेवलेलं असतं, तिथल्या पहाऱ्यावर खोटा हल्ला करायचा. भिंत चढायची, पहारेकऱ्यांना चुकवायचं, गाठ पडली तर खरोखर झुंजायचं आणि कुठवर पोचलो ते वरिष्ठांना सांगायचं. जागेचं नाव त्याने कधी घेतलं नाही. एवढंच सांगायचा की तिथे आत एकटा माणूस जातच नाही, कितीही मोठा साहेब असला तरी जोडीने, आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. "भरवशाच्या मानसावर तर आनखी जास्त," असं म्हणून माझ्याकडे बघून हसायचा.

पण गेली काही वर्षं तो हसत नव्हता. हल्ल्याची खबर त्याच्या आधी तिथे पोचायची. पहारेकरी ताठ उभे, बूट चकचकीत, कागदावर सगळं उत्तम. एकदा वहिनीला म्हणाला, "दरोडा पडायच्या आधी चाय टाकून ठेवतात गो ते. बॉम्ब कोनी केला ते समद्यांना म्हाईत. तो चोरीला नाय गेला, ते कोनामुळं?" वरती बोलला तर त्याचेच कान उपटले गेले. तरी हा मागे लागला की एकदा तरी न कळवता सोडा मला. जेवताना घास हातात धरून वहिनीला म्हणाला, "ज्या दिवशी मला कोनी खरोखर अडवील ना, त्याला घरी जेवाया आनीन." वहिनी म्हणाली, "आधी माझं दार तोडायचं बंद करा." आणि तो गेल्यावर तिने शहापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून मागच्या दारासाठी जाडजूड लोखंडी अडसर करून आणला. फोनवर सांगितलं, "आता येऊन दाखवा."

बाराव्यानंतर तो अधिकारी पुन्हा आला. या खेपेला जरा माणसासारखा बोलला. चौकशी चालू आहे, दादाला अडवणाऱ्या पहारेकऱ्याने गरजेपेक्षा जास्त मारलं का हे तपासतायत, कुटुंबाने तक्रार दिली तर त्याची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. मी म्हटलं, आत्ता देतो. वहिनी म्हणाली, "थांबा भाऊजी." मी कसाबसा थांबलो… पण चार दिवसांत तो पहारेकरीच दारात उभा राहिला.

मराठवाड्याकडचा, तिशीतला, बालाजी नाव. पुढचे दोन दात पडलेले, ओठ नुकता सांधलेला. "मीच मारलं त्यांना," एवढं त्याने म्हणताच मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. शिवण उसवली, रक्त सदऱ्यावर सांडलं. मी आणखी मारत राहिलो. त्याने हात वर केला नाही. त्याचं मला आजही पुरतं वाईट वाटत नाही. शेवटी वहिनीने माझं मनगट धरलं आणि त्याला म्हणाली, "बोल बाबा."

तो ओटीवर बसून बोलला. त्या दिवशी कुणालाच खबर नव्हती. भिंतीवरून माणूस उतरला, थांब म्हटलं तर थांबला नाही, खाली वाकून पायात घुसला. बालाजीने बंदुकीचा दस्ता पाठीत घातला. दादाने उठून त्याचे दात पाडले. पुन्हा दस्ता, या वेळी डोळ्यावर. सराव थांबवायचा एक ठरलेला शब्द असतो, तो उच्चारला की सगळे हात थांबतात. दादाने तो उच्चारला नाही. दार हाताशी आलं होतं.

"रक्तानं तोंड भरलं होतं, पण सारखं काहीतरी पुटपुटत होते," बालाजी म्हणाला. "कबड्डी, कबड्डी… ते कानावर पडलं तेव्हा कळलं, आपलाच माणूस आहे. पण हात सुटला होता, वहिनी. मानेवर बसला."

वहिनीने विचारलं, "दाराला हात लागला त्यांचा?"

"नाही लागला."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली, तर भांड्यांचा आवाज आला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वरण-भात. ताट बालाजीपुढे ठेवून म्हणाली, "त्यांनी बोलावलेलं तुला. जेव." फुटक्या ओठाने तो एकेक घास गिळत होता आणि मी समोर बसून बघत होतो. तक्रार आम्ही दिली नाही.

हात धुवायला तो परसात गेला, तेव्हा वहिनीने मागचं दार आतून लोटलं, अडसर घातला आणि मोठ्याने म्हणाली, "ढकल." तो गोंधळला. "जोर लावून ढकल रे." त्याने खांदा मारला. पुन्हा मारला. चौकटीची माती झडली, दार हललं नाही. वहिनी तिथेच दाराला पाठ लावून खाली बसली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. "आता नसते आले आत," एवढंच म्हणत राहिली.

तो अडसर अजून तिथेच आहे. रात्री वहिनी तो घालते, ढकलून बघते आणि मगच झोपते. दुपारी सगळी शेतावर निघालो की मात्र ती तो काढून भिंतीशी उभा करून ठेवते.