एकदाच दिसलेलं

तलवाड्याच्या आमच्या घरात माझं काम कुणाला कळत नाही. आकाशगंगेपलीकडून रेडिओ लहरींचे स्फोट येतात, पापणी लवायच्या आत संपतात. ते कशातून निघतात, असे किती उगम असतील, याचा अंदाज संख्याशास्त्रानं बांधायचा, यावर माझं पोट चालतं. बरेचसे स्फोट एकेकदाच सापडलेत. पण एकदा दिसला म्हणजे एकदाच झाला, असं मानणारा आमच्यात गाढव ठरतो. बाकीच्या वेळी आपली दुर्बीण दुसरीकडं बघत असते.

घरात मात्र सगळे तसंच मानायचे. धाकट्या बहिणीला फेफरं यायचं. लग्नाच्या मुलीचं फेफरं गावात कळलं की स्थळं बंद, म्हणून बाहेरच्या माणसानं पाहिलेला झटका तेवढा खरा, बाकीचे आलेच नाहीत. बीडच्या डॉक्टरांपुढं आई बेधडक म्हणाली, "एकदाच आलतं, तेबी उपासामुळं." मी तिथल्या तिथं सांगितलं, हे खोटं आहे. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर बहीण माझ्यावरच उखडली.

"कावून बोललीस, ताई? तुझं झालं न्हाई म्हणून माझंबी मोडायलीस व्हय?"

ते मला लागलं, अजून लागतं.

लग्न उमापूरला झालं. सासरी कुणी विचारील म्हणून आईनं गोळ्या बॅगेत ठेवूच दिल्या नाहीत. मी फोनवर कडाकडा भांडले, पोस्टानं पाठवते म्हणाले. बहिणीनं माझा फोन घेणं सोडलं.

पुढं धुणं धुताना ती हौदात पडली आणि गेली. हौद कमरेइतकाही खोल नव्हता.

दहाव्याला आम्ही उमापूरला गेलो. सासूनं रडत सांगितलं, मागं एकदा ती चुलीपुढं अशीच ताठ झाली होती. जावेनं एकदा शेतात पाहिलं होतं, शेजारणीनं अंगणात. बहिणीनं प्रत्येकीला हात जोडून गप्प बसवलं होतं, आणि प्रत्येकीला वाटलं होतं, आपण पाहिलं तेवढंच. मी सवयीनं मनात गणित मांडायला लागले. मला माझीच किळस आली.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. "मला तरी सांगायचं की गं," ती म्हणाली, "मी काय परकी व्हते?"

लपवायला तिला शिकवलं कुणी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी आईला हाताला धरून उठवलं.