व्याह्यांचे नाव

नातवाचे बारसे नॉटिंगहॅमला, मुलीच्या घरी होते. स्कॉटिश जावयाचे वडील त्याच हिवाळ्यात वारले होते आणि बाळाला त्यांचेच नाव द्यायचे ठरले होते. आपल्याप्रमाणे तिकडेही आजोबांचे नाव नातवाला देतात, हे मला ठाऊक होते. तरीही पाहुण्यांसमोर मी मुलीला म्हणालो, “आपल्याकडची नावं संपली का गं?”

“बाबा, त्याला मराठी कळतं आता,” ती हळूच म्हणाली.

जावई पाळण्याची फुले नीट करत राहिला. मग आत्या म्हणून त्याची बहीण वाकली आणि तिने आपल्या वडिलांचे नाव बाळाच्या कानात सांगितले. सांगताना तिला रडू आवरले नाही.

त्या दोघांची क्षमा मी अजून मागितलेली नाही. नातवाला त्या नावाने हाक मारण्याचे धैर्यही मला होत नाही.