दोघांचा नैवेद्य

पत्नी गेल्यावरही देवाचा नैवेद्य मी तिच्याच मापाने करीत राहिलो. वाटीभर रवा, तेवढीच साखर, आणि तूप हात न आखडता. प्रसाद टाकायचा नाही आणि शिळा ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. पूर्वी तो शिरा आम्ही दोघे मिळून संपवीत असू. तीन वर्षे मी तिचा वाटा तिच्या वाटीत काढून समोर ठेवीत होतो आणि थोड्या वेळाने तोही मीच खात होतो. दिवसाकाठी तेवढेच एक खाणे मला एकट्याचे वाटत नसे.

यकृतात चरबी असल्याचे सोनोग्राफीत दिसले. ती नेमकी किती, हे एमआरआयने मोजता येते, म्हणून डोंबिवलीहून बसने शीळफाट्यामार्गे ठाण्यात खोपटला उतरलो आणि तपासणी केंद्रात पोहोचलो.

"आजोबा, सोबत कोण आहे?" तिथल्या मुलीने विचारले.

"कोणी नाही."

"बरं. ती जानव्याला बांधलेली चावी काढा आधी. आतलं लोहचुंबक तुम्हालाच ओढून नेईल!"

यंत्राच्या पोकळीत निजल्यावर कानांवरच्या ध्वनियंत्रातून तिचा आवाज येऊ लागला : श्वास सोडा, थांबा, आता घ्या. जन्मभर प्राणायामात मी श्वास भरून घेऊन रोखला होता. सवयीने तेच केले.

"आजोबा, सोडून थांबायचं! आणि पोट हलतंय. काही म्हणताय का?"

"नामस्मरण."

"मनातल्या मनात करा ना."

"मनातच चालले आहे."

"मग देवाला म्हणावं, दहा सेकंद थांब!"

मला हसू आले, आणि तेही चित्र बिघडले. पण तिने न कंटाळता पुन्हा आरंभ केला. माझ्या श्वासाकडे इतके लक्ष कित्येक दिवसांत कोणी दिले नव्हते.

चार दिवसांनी अहवाल घेऊन कल्याणच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. ते मला प्रथमच पाहत होते.

"अठरा टक्के चरबी. घेता का कधी?"

"शिव शिव!"

"बाहेरचं खाणं?"

"कधीच नाही. गोड म्हणाल, तर रोजचा प्रसाद." हाताने मी माप दाखवले.

"अहो, एवढ्यात आमचा अख्खा मजला जेवेल! घरी किती माणसं?"

"दोघे," मी म्हणालो. कसे कोण जाणे, तेच तोंडून निघाले.

"मग पुढच्या वेळी काकूंनाही आणा. त्यांचंही मोजून टाकू."

मी नकारार्थी मान हलवली. मग म्हणालो, "तिचा वाटा मीच खातो."

त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. "देवाला चमचाभर नाही का हो चालणार?" त्यांनी हळूच विचारले.

देवाला चालते. त्याने माप कधीच मागितले नव्हते; ते मीच धरून बसलो होतो. आणि तो वाटा खाल्ल्याने ती जेवत नव्हती, हेही मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दोन चमचे रवा भाजला. नैवेद्य दाखवला, नमस्कार केला. वाटे करण्याइतका शिरा नव्हताच. दोन घासांत संपला. घड्याळात अजून सकाळचे आठही वाजले नव्हते; सगळा दिवस पुढे होता.