पान सत्त्याऐंशीवरची शून्यं

नव्वदच्या दशकात मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि पत्नी वसमतच्या कॉलेजात गणित शिकवायची. तिचा पीएच.डी.चा विषय असा : दोन सपाट भिंतींमधून एखादा द्रव वाहतो आहे आणि शेजारी चुंबक ठेवला, तर द्रवाचा वेग कुठे किती राहील. याला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत तिने चुंबकाला हात लावला नाही. सगळं काम कागदावर होतं.

मी कालव्याच्या पाण्याची नोंद ठेवायचो. आमच्याकडे आकडा दोन दशांशांपर्यंत लिहीत, पुढचं जवळच्या आकड्यात धरून सोडून देत. माझ्या रजिस्टरावर तोवर एकही शेरा आला नव्हता.

प्रबंधाच्या पाच प्रती करून बांधून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. झेरॉक्सच्या मशीनने एका प्रतीचं पान सत्त्याऐंशी काळंकुट्ट काढलं, आणि दुसरं काढायच्या आत वीज गेली. बांधणीवाला थांबायला तयार नव्हता. पत्नी कॉलेजात परीक्षेवर होती. शेजारच्या टायपिस्टला विजेची गरज नव्हती. मी त्याच्यासमोर बसून मूळ पानावरचा तक्ता वाचून दाखवला. आकडे चार दशांशांचे होते. मी दोनच सांगितले. ते पान त्या प्रतीत सगळ्यांत स्वच्छ निघालं. पत्नीला सांगण्यासारखं काही घडलं आहे असं मला वाटलं नाही. काळं पान मी फाइलला लावलं. मी काही टाकून देत नाही.

खुल्या तोंडी परीक्षेला आम्ही एस.टी.ने विद्यापीठात गेलो. औंढ्याकडून सासरे आले होते. त्यांच्या पिशवीत शाल, नारळ आणि पेढे होते. माझ्या मांडीवरची फाइल बघून ते म्हणाले, "जावईबापू, परीक्षा पोरीची, अन् गठ्ठा तुमी काहून धरून राहिले?"

हॉलमध्ये विभागातले प्राध्यापक, विद्यार्थी, सासरे आणि मी, असे एकतीस जण होतो. पत्नीने पाऊण तास विषय मांडला. मग बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी आपली प्रत उघडली.

"पान सत्त्याऐंशी. भिंतीला चिकटलेला थर हलत नाही, हे मान्य. पण तुमच्या तक्त्यात पहिल्या सहाही ओळींत वेग शून्य आहे. भिंतीपासून इतक्या लांबपर्यंत द्रव उभा कसा?"

पत्नीने स्वतःची प्रत पाहिली. "सर, शून्य फक्त पहिल्या ओळीत आहे. सहावीत ०.००४२ आहे."

"माझ्यासमोर शून्य आहे, बाई."

सासऱ्यांनी मला कोपर मारलं. "काय म्हणून राहिले ते?"

"पाणी उभं आहे म्हणतात."

"उभं? मंग दारं कोन धरून राहिलं होतं?"

शेतात पाटाचं पाणी वळवतो तो दारं धरतो. इथे ती मीच धरली होती.

परीक्षक आता सावकाश बोलत होते. "एकाच प्रबंधाच्या दोन प्रतींत दोन उत्तरं. प्रबंध दिल्यानंतर आकडे बदललेत का? तसं असेल तर मला आज पुढे जाता येणार नाही."

पत्नीला त्या पानाचं काही माहीतच नव्हतं. मी उभा राहिलो.

विभागप्रमुख म्हणाले, "श्रोत्यांचे प्रश्न शेवटी."

"प्रश्न नाही. ते पान मी करून घेतलंय."

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"पाटबंधारे खात्यात आहे."

"इथे काय संबंध?"

"यांचा नवरा."

मी फाइल उघडून काळं पान काढलं आणि झालेलं सगळं सांगितलं, वीज गेली तेही. परीक्षकांनी पान खिडकीपाशी उजेडात धरलं. काळ्यातून आकडे पुसट दिसत होते. त्यांनी ते पत्नीच्या प्रतीशी एकेक करून ताडले. नऊ मिनिटं लागली.

मग ते पत्नीकडे वळले. "ठीक. आता यांना समजावून सांगा, ०.००४२ला शून्य धरलं तर काय बिघडतं."

पत्नीने माझ्याकडे न बघता फळ्यावर भिंत काढली. भिंतीजवळ वेग किती झपाट्याने वाढतो, त्यावरून भिंतीवरचं घर्षण काढतात. तिथे सगळी शून्यं भरली की घर्षणही शून्य येतं, आणि ज्या घर्षणासाठी सहा वर्षं घातली ते तक्त्यातून नाहीसं होतं. सहा वर्षांत तिचा विषय मला पहिल्यांदा समजला. परीक्षकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

पदवीची शिफारस झाली, एका अटीवर : ते पान तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करून खाली सही करायची. शाई माझ्याकडे होती. सासरे पेढे वाटत फिरत होते आणि मी विभागप्रमुखांच्या टेबलाशी लिहायला बसलो. पत्नी खुर्चीमागे उभी राहिली. पहिली ओळ भिंतीची होती. मी शून्य लिहिलं आणि दुसऱ्या ओळीकडे वळलो.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "तेही चार दशांशांपर्यंत."

मी पुढे टिंब देऊन आणखी चार शून्यं लिहिली. तिने ती मोजली.